कट्ट्याचं तोंड वावरातच बांधा: झिप करताना फाइलची तारीख, वेळ अन् नाव कसं वाचवायचं

जुलै २०२३ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाणी कसं कोसळलं ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. शेजारच्या काकांचं वावर नाल्याला लागून, पऱ्हाटी दोन दिवस पाण्यात उभी. काकांनी मोबाईलवर सत्तावीस फोटो काढले, तीन दिवसांत, सकाळ-संध्याकाळ, धुऱ्यावर उभं राहून. माझं दुकान झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं, म्हणून फोटो आले माझ्याकडं, व्हॉट्सॲपवर. मी ते कम्प्युटरवर उतरवले, फोल्डर केलं, झिप मारली, म्हणजे सगळ्या फाइली एकाच फाइलीत बांधल्या, विम्यावाल्यांना मेल केला अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाचा सातबारा काढायला लागलो.

महिन्याभरानं काका दुकानात. "भाऊ, ते म्हणून रायले का सगळे फोटो एकाच दिवसाचे हायेत, एकाच मिनिटातले. मी का एका मिनिटात अख्खं वावर फिरलो का बे?"

झिप उघडून पाहिली तर खरंच, सत्तावीसच्या सत्तावीस फाइलींपुढं एकच तारीख, अन् ती मी डाउनलोड बटन दाबलं त्या संध्याकाळची. तेव्हा पीक विम्यात नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं असायचं, तिथं तारखेला किती किंमत होती ते तुम्हाला माहीत आहे. पहिले मी झिपला शिव्या दिल्या. मग दोन रात्री बसून प्रयोग केले तेव्हा कळलं की झिपनं काहीच खाल्लं नव्हतं, तिला दिलेल्या फाइलींवर जी तारीख होती तीच तिनं इमानदारीनं जपली, फक्त खरी तारीख माझ्याकडं पोचायच्या आधीच मेली होती. हे लिहून राहिलो ते त्याच्यासाठी.

आता सोयाबीनचा कट्टा घ्या. कट्ट्यावर बाहेरून रंगानं नाव टाकलेलं असते, अन् काही लोक आतमध्ये चिठ्ठीपण टाकतात. फाइलचंही तसंच. फोटोच्या आत एक चिठ्ठी असते, तिला एक्झिफ म्हणतात, तिच्यात फोटो कधी काढला, कोणत्या फोनवर काढला, अन् लोकेशन चालू असेल तर कुठं काढला, हे असते. अन् बाहेरचा रंग म्हणजे फाइलचं नाव, मॉडिफाइड तारीख, क्रिएटेड तारीख, लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम) असाल तर मालक कोण अन् परमिशन काय. हे बाहेरचं सगळं फाइलच्या आत नसतेच, ते डिस्कच्या खातेवहीत लिहिलेलं असते. म्हणून फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर गेली की नवीन डिस्क आपली नवीन खातेवही लिहिते, अन् जुन्यातलं काय उतरवून घ्यायचं ते कॉपी करणाऱ्या प्रोग्रामच्या मर्जीवर.

झिप, सेव्हन-झेड, रार, टार हे सगळे कट्टे. ते आतल्या चिठ्ठीला हात लावत नाहीत, फोटो बिट-न्-बिट तसाच निघतो. बाहेरच्या रंगापैकी मात्र कोणी किती उतरवून घेते त्यात फरक आहे. अन् कट्टा बांधायच्या आधी जे पुसलं गेलं ते कोणताच कट्टा परत आणून देत नाही. म्हणून कट्ट्याचं तोंड वावरातच बांधायचं, अडत्याच्या दारात नाही. फाइली जिथं जन्मल्या तिथंच पॅक करा अन् मग तो एक पॅक केलेला नग हलवा, पेनड्राइव्हनं हलवा, मेलनं हलवा, व्हॉट्सॲपनं हलवा, त्या नगाच्या बाहेरची तारीख बदलली तरी आतल्यांचं काही बिघडत नाही.

फोनवरून पाठवायचं असेल तर

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून फोटो पाठवला की तो फोटो लहान तर होतोच, पण आतली एक्झिफची चिठ्ठीपण काढून फेकली जाते अन् नावही बदलते. ते आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए अन् नंबर, असं नाव पाहिलं असेल तुम्ही. त्या नावातली तारीख पाहून लोक फसतात, ती फोटो काढल्याची नाही, व्हॉट्सॲपवर पाठवला किंवा आला त्या दिवशीची आहे. काकांचे फोटो असेच आले होते.

त्याच जागी पिनच्या चिन्हावर जाऊन डॉक्युमेंट निवडा अन् तिथून फोटो पाठवा, मग फोटो जसाच्या तसा जातो, आतली चिठ्ठी कायम, नावही कायम. समोरच्याकडं मॉडिफाइड तारीख मात्र त्यानं डाउनलोड केली ती पडते. तीही पाहिजे असेल तर फोनमध्येच झिप करायची अन् ती झिप डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. सॅमसंगवाल्यांच्या माय फाइल्समध्ये फाइली निवडल्या की कॉम्प्रेस येते, बाकीच्यांनी झेडआर्काइव्हर टाकून घ्या, त्याच्यात झिप अन् सेव्हन-झेड दोन्ही बनते. डॉक्युमेंटची लिमिट २ जीबी आहे, एवढ्यात पूर्ण गावाचे फोटो मावतात.

यूएसबी केबल लावून फोन टू कम्प्युटर कॉपी करता तेव्हा तारीख कधी टिकते कधी नाही, ते फोनवर अवलंबून आहे. उलटं, कम्प्युटरवरून फोनमध्ये टाकलं की बहुतेक वेळा आजचीच तारीख लागते. म्हणून केबलनंही झिपच न्या, एक मिनिटाचं काम आहे.

एक गोष्ट मधातच सांगून ठेवतो. ती आतली चिठ्ठी म्हणजे लोकेशनपण असते, घराचा फोटो डॉक्युमेंट म्हणून कोणालाही पाठवला तर घराचा पत्ताच देऊन बसता. वावराच्या नुकसानीसाठी पाहिजे, पण विकायच्या गाडीचा फोटो घराच्या अंगणात काढून ग्रुपवर टाकायचा असेल तर साधा फोटो म्हणूनच टाका, तिथं व्हॉट्सॲपनं चिठ्ठी फाडली तर बरंच झालं.

कम्प्युटरवर

पहिले एक गैरसमज काढून टाका, कारण माझ्या दुकानात हप्त्यातून एक माणूस हे घेऊन येतो. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिलं की क्रिएटेड १२ ऑगस्ट अन् मॉडिफाइड २३ जुलै दिसते, म्हणजे जन्मायच्या आधीच बदल झाला, पोरगं बापाच्या आधी! यात गडबड काही नाही. विंडोजमध्ये कॉपी-पेस्ट केलं की मॉडिफाइड जुनीच राहते, क्रिएटेड मात्र ही नवी प्रत जन्मली ती तारीख पकडते. कट-पेस्ट एकाच ड्राइव्हच्या आत केलं तर दोन्ही जुन्या राहतात. म्हणून काम करताना मॉडिफाइडवर नजर ठेवा, अन् फोटो असेल तर डिटेल्स टॅबमधलं डेट टेकन पाहा, ते आतल्या चिठ्ठीतलं असते.

विंडोजची आपली स्वतःची झिप, म्हणजे सेंड टू करून कॉम्प्रेस्ड फोल्डर, ती मॉडिफाइड तारीख ठेवते, क्रिएटेड ठेवत नाही. काढताना क्रिएटेड आजची लागते, अन् फोल्डरवरही बहुतेक आजचीच दिसते. साध्या कामाला एवढं पुरते, खोटं कशाला बोलू.

पण झिपचा जन्म १९८९ चा, डॉस नावाच्या जुन्या सिस्टीमच्या काळातला, फिल कॅट्झ नावाच्या माणसानं काढलेली, अन् त्या काळात तारखेला जागा फार कंजूषपणानं दिली होती. सेकंदाला फक्त ५ बिट, म्हणजे ३२ च खाने, म्हणून वेळ दोन-दोन सेकंदांच्या उडीनं लिहिली जाते. १०:३०:४७ चा फोटो बाहेर येताना ४६ किंवा ४८ चा होतो. वर्षाला ७ बिट, १९८० पासून मोजायचं, म्हणून २१०७ च्या पुढं जातच नाही. कधी एखाद्या फाइलीवर १ जानेवारी १९८० दिसली तर घाबरू नका, तिथं तारीख भरलीच नव्हती म्हणून खाना शून्यावर उभा आहे.

दोन सेकंदांचं कोणाला काही पडलेलं नसते. खरं दुखणं वेगळं आहे. त्या जुन्या खान्यात टाइमझोनच लिहिलेला नसतो, फक्त घड्याळात जे दिसते ते लिहिते. मी १०:३० ला काढलेला फोटो झिप केला, ती झिप कुठल्या तरी सर्व्हरवर उघडली जिथं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेवर आहे, त्यानं १०:३० म्हणजे यूटीसीचे १०:३० असं धरलं, अन् तीच फाइल परत मी इथं पाहिली तर दुपारचे ४ वाजलेले. बरोबर साडेपाच तास पुढं. कोणत्याही फाइलींमध्ये नेमका साडेपाच तासाचा फरक दिसला की डोळे झाकून समजा, टाइमझोनचा घोळ आहे, कोणी छेडछाड केलेली नाही. फॅट३२ या जुन्या मांडणीवाल्या पेनड्राइव्हचंही हेच, तोही घड्याळाचा टाइम लिहितो अन् दोनच सेकंदांच्या उडीनं, म्हणून एकाच कम्प्युटरवर विंडोज अन् उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) दोन्ही टाकलेल्यांना तो पेनड्राइव्ह दोन जागी वेगवेगळी वेळ दाखवू शकतो.

यावर इलाज झिपमध्येच आहे. मूळ खान्याच्या बाजूला झिपमध्ये जादाचे खाने जोडता येतात, अन् चांगले प्रोग्राम त्यात यूटीसीतली पक्की वेळ लिहितात. सेव्हन-झिप, विनरार, लिनक्सवरची झिप कमांड, हे सगळे ते करू शकतात. म्हणून विंडोजच्या झिपपेक्षा मी सेव्हन-झिप वापरतो, फुकट आहे, इगोर पाव्हलोव्ह नावाच्या रशियन माणसानं १९९९ मध्ये सुरू केलं अन् आजपर्यंत चालवून राहिला.

असं करा. फोल्डरवर राइट क्लिक, विंडोज ११ असेल तर आधी शो मोअर ऑप्शन्स म्हणावं लागू शकते, मग सेव्हन-झिप, मग ॲड टू अर्काइव्ह. खिडकी उघडली की फॉरमॅटमध्ये सेव्हन-झेड ठेवा, समोरच्याकडं सेव्हन-झिप नसेल तर झिप ठेवा. खाली ऑप्शन्स नावाचं बटन आहे, ते २०२२ च्या २२.०० व्हर्जनपासून आलं, जुनं व्हर्जन असेल तर दिसणार नाही, पहिले अपडेट करा. त्याच्यात मॉडिफिकेशन टाइमची टिक राहू द्या, क्रिएशन टाइमची टिक लावा, ती आपोआप लागलेली नसते, सेव्हन-झेड फॉरमॅट नुसता ओके दाबला तर फक्त मॉडिफाइड ठेवते. लास्ट ॲक्सेसची टिक मी लावत नाही, फाइल कोणी पाहिली तरी ती तारीख हलू शकते, तिच्यावर कोण भरोसा ठेवणार.

विनरारवाल्यांना वेगळा टाइम नावाचा टॅबच आहे, तिथं तिन्ही तारखा आहेत. काढतानाही त्याच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये कोणत्या तारखा परत बसवायच्या ते विचारते, लोक बांधताना टिक करतात अन् सोडताना विसरतात, मग म्हणतात रार खराब आहे. चाळीस दिवसांचा ट्रायल संपून कित्येक वर्षं झाली तरी तो आपला चालूच आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मराठी नावाच्या फाइली

नावही रंगच आहे, अन् आपल्या मराठी लोकांचा हा खास त्रास. जुन्या झिपमध्ये नाव लिहायला आयबीएमचा ४३७ नंबरचा कोड होता, त्यात देवनागरी नावालाही नाही. विंडोज ७ च्या काळात 'ग्रामसभा ठराव' नावाची फाइल झिप करायला गेलं की विंडोज सरळ नाही म्हणायचं, या नावातली अक्षरं चालत नाहीत म्हणून. नाहीतर झिप व्हायची अन् उघडली की चौकोन, प्रश्नचिन्हं अन् चित्रविचित्र रेघा. पुढं झिपमध्ये 'हे नाव यूटीएफ-८ मध्ये आहे', म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या युनिकोडमध्ये आहे, असं सांगणारी एक खूण आली, आताचे प्रोग्राम ती लावतात, पण जुन्या कम्प्युटरवर बनवलेल्या झिपा अजून फिरून राहिल्या आहेत. सेव्हन-झेड फॉरमॅटमध्ये हा प्रश्नच नाही, तिथं नावं पहिल्यापासून युनिकोडमध्येच, म्हणून मराठी नावांचं फोल्डर असेल तर मी डोळे मिटून सेव्हन-झेड करतो.

अन् नाव लांबलचक ठेवू नका राजेहो. देवनागरीचा एक-एक कोड यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खाते, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, अन् लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. म्हणजे हातात ८५ च खुणा आल्या. 'सन २०२२-२३ मधील पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून केलेल्या कामांची' वगैरे पूर्ण ठराव नावात लिहिला, तर विंडोजवर छान दिसेल अन् उबुंटूवर काढताना नाव फार मोठं आहे म्हणून अडकेल.

उबुंटू-लिनक्सवाल्यांसाठी

हे थोडक्यात, कारण इकडं मोजकेच लोक वापरतात, पण वापरतात ते बॅकअपच्या नावाखाली चुकीचं करतात. बॅकअपसाठी सेव्हन-झेड वापरू नका. तो फाइलचा मालक अन् ग्रुप लिहूनच घेत नाही, परत काढलं की सगळं तुमच्या नावावर. इथं टार पाहिजे. टार म्हणजे टेप अर्काइव्ह, फिल्मच्या रिळासारख्या टेपांवर बॅकअप घ्यायचे त्या काळातलं, पण मालक, ग्रुप, परमिशन, मॉडिफाइड वेळ, शॉर्टकटसारख्या लिंका, सगळं घेते. एसीएल अन् एक्सॲट्र नावाची जादा माहिती पाहिजे असेल तर मात्र दोन्हीचे ऑप्शन वेगळे द्यावे लागतात, बांधतानाही अन् सोडतानाही. फॉरमॅट विचारला तर पॅक्स (टारचाच एक प्रकार) द्या, त्यात सेकंदाचे तुकडेसुद्धा टिकतात. दाबून लहान करायचं काम जीझिप किंवा एक्सझेड करते, ते टारच्या वरून गुंडाळलेलं असते.

सोडताना मालक परत बसवायचे तर सुडो, म्हणजे ॲडमिनचा अधिकार, लावूनच सोडावं लागते, साध्या युजरनं सोडलं तर सगळं त्याच्याच नावावर येते. स्मॉल एम हा ऑप्शन चुकून देऊ नका, त्याचा अर्थच 'तारीख परत बसवू नको' असा आहे.

इथंही तेच वावरातलं. पेनड्राइव्हची मांडणी एक्सफॅट असेल तर त्याला मालक-परमिशन समजतच नाही. फोल्डर सरळ पेनड्राइव्हवर टाकलं अन् मग टार केली, तर टारमध्ये मूळ मालक-परमिशनचं काहीच नसणार. आधी लिनक्सच्या डिस्कवर टार करा, मग ती एक फाइल पेनड्राइव्हवर न्या. फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, एवढं फक्त पाहा.

पाठवायच्या आधी तपासा

हे मी आता प्रत्येक वेळी करतो, लाइन जायची भीती असली तरी. झिप झाली की ती दुसऱ्या रिकाम्या फोल्डरमध्ये सोडायची, मूळच्या वर नाही, अन् कोणत्याही तीन फाइलींच्या प्रॉपर्टीज मूळच्या बाजूला ठेवून पाहायच्या, पहिली, मधातली अन् सगळ्यात मोठ्या नावाची. तारीख जुळली, नाव जुळलं, डेट टेकन जुळलं, मग पाठवायचं. आतला माल तोच आहे का ते पाहायचं असेल तर सेव्हन-झिपच्या राइट क्लिकमध्ये सीआरसी एसएचए आहे, त्यातून एसएचए-२५६ काढा अन् मूळ फाइलीचा अन् सोडलेल्या फाइलीचा आकडा जुळवून पाहा. पण हे लक्षात असू द्या की तो आकडा फक्त आतल्या मालाचा आहे, बाहेरची तारीख बदलली तरी तो आकडा तोच राहतो. म्हणून आकडा जुळला म्हणजे तारीखही टिकली असं नाही.

अन् मॉडिफाइड तारीख म्हणजे कोर्टातला पुरावा असं कोणाला सांगत बसू नका. ती कोणीही बदलू शकते, फोनचं घड्याळ मागं केलं तरी बदलते. आपण तारीख जपतो ती समोरच्याला उगाच शंका घ्यायला जागा राहू नये म्हणून.

गेलीच असेल तर

बाहेरची तारीख गेली पण आतली चिठ्ठी शिल्लक आहे, अशा फोटोंना वाचवता येते. एक्झिफटूल नावाचं फुकट प्रोग्राम आहे, फिल हार्वे नावाच्या माणसाचं, ते कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत चालते म्हणून लोक घाबरतात, पण त्याला एवढंच सांगायचं असते की डेट टाइम ओरिजिनलमधली वेळ उचल अन् फाइल मॉडिफाय डेटमध्ये टाक. पूर्ण फोल्डर एका झटक्यात होते. आधी फोल्डरची एक कॉपी बाजूला ठेवूनच करा. चिठ्ठी नाही पण फोटोचं कॅमेऱ्यानं दिलेलं मूळ नाव शिल्लक आहे, तर बऱ्याच फोनमध्ये त्या नावातच तारीख अन् वेळ असते, वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद, तिथूनही वाचून घेता येते.

काकांना मी म्हटलं, फोन आणा. त्यांनी फोन दिला, "पाह्य बाप्पा, पोरानं जागा नाही म्हणून काही डिलीट मारले, उरले असतील ते." कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये एकोणीस निघाले. फोनमध्येच झिप केली, त्यांच्या समोर सोडून पाहिली, २२ जुलैचे सात, २३ चे आठ, २४ चे चार, वेळ सकट, अन् परत पाठवली. राहिलेल्या आठांची फक्त व्हॉट्सॲपवाली कॉपी माझ्याकडं होती. एकेकाच्या प्रॉपर्टीज उघडून पाहिल्या, डेट टेकनच्या पुढं आठही जागी रिकामं.